बाहीतला हात

देवमनचा रबरी सूट अंगात चढवायचा म्हणजे दोन माणसांचं काम होतं, आणि त्यातलं दुसरं माणूस म्हणजे सुंदराबाई. नवरा-बायकोचं भांडण कशावरूनही होतं. या दोघांचं बहुतेक वेळा त्या सुटाच्या गळ्यावरून व्हायचं. त्या सुटाला गुंड्या नव्हत्या, नाडी नव्हती, पुढून-मागून उघडायची सोय नव्हती. होतं ते फक्त गळ्याचं भोक. ते दोन्ही हातांनी ताणून त्यातून आधी पाय, मग कंबर, मग छाती, मग हात असा सगळा माणूस आत घालायचा. सुंदराबाई घामाघूम होऊन म्हणे, "वासरू परत गाईच्या पोटात घालून राहिलो बाप्पा आपण!"

सूट आला होता अकोल्याच्या भंगारातून. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराचा माल लिलावात निघाला आणि फिरत फिरत कुठून कुठे गेला. बूट, तंबू, पाण्याच्या बाटल्या यांच्या ढिगात हे हिरवट-करडं रबर पडलेलं देवमनने पाहिलं. पाण्याखाली जाणाऱ्या गोऱ्या शिपायांचा पोशाख आहे, असं दुकानदाराने सांगितलं. तो गोरा शिपाई बहुतेक काडीपैलवान असावा, कारण देवमनच्या अंगाला सूट सगळीकडून आवळत होता. पण देवमनला हौस. तरुणपणी तो पूर्णेवरच्या पुलाच्या कामावर होता, पाण्याखाली बुडी मारून खांबांच्या पायातला गाळ उपसायचा. दम दांडगा. पुढे भातकुलीला घर करून तो आसपासच्या गावांत विहिरीत पडलेलं काढून द्यायला लागला. घागर, बादली, इंजिनाच्या पाइपाचं तोंड, कधी बकरी, कधी माणूस.

आता विहिरीत उतरायला लष्करी सूट कशाला हवा, असं कोणीही विचारेल. त्याचं कारण पाण्यात आहे. हा सगळा मुलूख खारपाणपट्ट्याचा. वर जमीन अशी की कापूस मागितला तर कापूस देईल, ज्वारी मागितली तर ज्वारी. खाली विहीर खणली की मिठाचं पाणी. गावात पाच-सहा विहिरी असल्या तरी पिण्याजोगी एखादीच, आणि त्या एकीला गाव डोळ्यात तेल घालून जपणार. खाऱ्या विहिरीत देवमन लंगोटावर उडी घेई, कोणी हूं की चूं करत नसे. गोड विहिरीची गोष्ट निराळी. देवमन आधी महार होता, आता बौद्ध झाला होता. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता, अस्पृश्यतेविरुद्धचा कायदाही झाला होता, पण गोड विहिरींना या दोन्हीची खबर पोचलेली नव्हती.

तोड काढली निंबखारच्या खुशालराव पाटलांनी. माणूस तसा वाईट नव्हता. लोकांच्या अडीनडीला धावे, गोडही बोले. सूट हातात घेऊन त्यांनी तो ओढून पाहिला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "यातून पानी आत जात नाई न? मंग आतलंबी बाहीर येत नाई. झालं तर! हे घालून उतर तू बिनधास्त." कोणीतरी हळूच विचारलं की तोंड आणि हाताचे पंजे उघडेच राहतात, त्याचं काय. पाटलांनी सूट पुन्हा एकदा उजेडात धरला. "तेवढं चालते," ते म्हणाले.

घरी येऊन सुंदराबाई पोट धरधरून हसली होती. "तोंड चालते, हात चालते, अन् पाठ चालत नाई! पाठीनं काय केलं त्याहिचं?" देवमन हसला नव्हता. "आंगाले गार लागत नाई रबरानं," एवढंच तो म्हणाला आणि सूट दोरीवर वाळत घालायला गेला. त्या हसण्याचं पुढे सुंदराबाईला फार वाईट वाटायचं होतं.

सूट चढवायची रीत त्यांनी हळूहळू बसवली. पहिल्यांदा सरकीचं तेल चोपडून पाहिलं, तर अमरावतीच्या डोमाजी सायकलवाल्याने कपाळावर हात मारला. "तेलानं रबर कुजते, बह्याडा! ट्यूबले कोनी तेल लावते काय?" त्याने संगजिऱ्याची पुडी दिली, पंक्चर काढल्यावर ट्यूबवर भुरभुरतात ती पांढरी मऊ भुकटी. तेव्हापासून सुंदराबाई सूट गोणपाटावर पसरून आतून-बाहेरून संगजिरं लावी, हाताने थापून थापून सगळीकडे पसरवी. मग देवमन बसून पाय घाली, उभा राहून उड्या मारी, ती गळा ताणून धरी. बाह्यांचं तोंड मनगटाला घट्ट, तिथे सगळ्यात वेळ जाई. शेवटी कमरेला दगडांची पिशवी, कारण रबरात अडकलेली हवा माणसाला बुचासारखी वर धरी. एवढं होईस्तोवर बाया दोन-दोन खेपा पाणी भरून जात. जात तर जात. घागर काही विहिरीत पळून जाणार नव्हती.

त्या चैत्रात पाटलांच्याच घरची पितळी घागर निंबखारच्या गोड विहिरीत पडली. देवमन आणि सुंदराबाई सकाळीच पोचले. कडुलिंबाखाली गोणपाट अंथरून ती संगजिरं लावत बसली, तो लंगोट कसून बिडी ओढत बसला. बाया पाणी भरत होत्या, घागर आपली म्हणून खुशालरावही येऊन उभे होते. मैनाबाई म्हणून एक विधवा होती, तिची शकुन नावाची पोरगी सुटाजवळ येऊन उकिडवी बसली. तिला बेडूक पाहायचा होता. गावातली पोरं देवमनला बेडूक म्हणत.

"सरक व बाई," सुंदराबाई म्हणाली, "भुकटी जाईन नाकात."

पोरगी खुदकन हसली आणि बेडूक कुठून उडी मारतो ते नीट दिसावं म्हणून विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहिली. काठ सांडलेल्या पाण्याने शेवाळला होता. ओरडण्याइतकाही वेळ तिला मिळाला नाही.

देवमन दोन ढांगांत काठावर पोचला. सुंदराबाईला त्याची पाठ दिसत होती. गुडघे वाकले होते, हात पुढे गेले होते, अजून एक श्वास आणि तो खाली गेला असता. तेवढ्यात खुशालराव ओरडले, "अबे, रबर घाल आंदी! पियाचं पानी हाये थे!" आणि त्याच वेळी पलीकडून मैनाबाईने हंबरडा फोडला, "उतर रे भाऊ, तसाच उतर!"

दोन्ही आवाज बरोबरच आले. देवमन पाटलांच्या आवाजाला वळला.

तो धावत गोणपाटाकडे आला आणि सुंदराबाईने गळा ताणला. घाई केली की रबर जास्तच चिकटतं. पाय अर्ध्यात अडकला, तो पडला, उठला. काठावर पोहता येणारं दुसरं कोणी नव्हतं. कोणी विहिरीत रहाटाचा दोर सोडला होता, पण तो पोरीच्या हाताला लागत नव्हता, शेवाळ्यावरून तिचे हात सरकत होते. ती ओरडत नव्हती. ओले तळवे दगडावर आपटत होती, थप, थप, थप. त्या गोलाकार बांधकामातून तो आवाज वर असा येत होता की जणू कोणी शेजारच्याच घरात भाकर थापतंय. सुंदराबाईने डाव्या बाहीचं तोंड ताणलं आणि देवमनची बोटं आत अडकली. थप, थप. उजवी बाही. कमरेचे दगड. "राहू दे दगड!" तो किंचाळला. "बुडसान कसे मंग?" ती किंचाळली. गाठ मारता मारता तिच्या लक्षात आलं की आपल्याला आता फक्त आपलाच श्वास ऐकू येतो आहे.

तो उतरला आणि शकुनला घेऊन वर आला. तिच्या मुठीत शेवाळं होतं. खुशालरावांनी डोक्याचा फेटा काढून तिच्या अंगावर घातला आणि त्यांच्याही डोळ्यांतून पाणी आलं, ते खोटं नव्हतं. पितळी घागर विहिरीतच राहिली. ती काढायची आठवण कोणालाच झाली नाही.

घरी आल्यावर देवमन बोलेनासा झाला. सुंदराबाईने त्याला दोष दिला नाही आणि मनातून दिलाही. दीक्षा घेऊन आला तेव्हा हा माणूस अंगणात उभा राहून छाती काढून म्हणाला होता, आता कोनापुढं वाकायचं नाई. घरातले देव त्याने स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते. आणि त्या दिवशी काठावर वाकलेले गुडघे एका हाकेसरशी सरळ झाले. बोलली असती तर ती एवढंच बोलली असती. पण गळा तिनेही ताणून धरला होता. 'जा तसाच' असं तीही म्हणाली नव्हती.

पहिल्यांदा भाकरीचं सुरू झालं. ती परातीत भाकर थापायला लागली की देवमन जेवण सोडून बाहेर निघून जाई. तिने ओळखलं. ती हळू थापायला लागली, मग बोटांच्या टोकांनी दाबून दाबून भाकर पसरवायला लागली. त्या भाकरी जाड, कच्च्या राहत. दोघंही त्याच खात.

मग सुटाचं सुरू झालं. एका दुपारी देवमनने सूट काढला आणि म्हणाला, "सुंदरा, लवकर घालता आला पायजे हा."

"कायले? काम तर नाई कुठं."

"लवकर घालता आला पायजे," तो पुन्हा म्हणाला.

तेव्हापासून रोज दुपारी भातकुलीच्या त्या अंगणात एकच खेळ. त्याने रिठ्याचं पाणी लावून पाहिलं, भाताची पेज लावून पाहिली, केळीची साल घासून पाहिली. सुंदराबाई चिडायची, नको म्हणायची, पण तिच्या हातांनाही ती घाई लागली होती. अखेर युक्ती तिलाच सापडली. तिच्याजवळ लग्नातला एक रेशमी खण होता. तिने तो कापून त्याच्या चार पिशव्या शिवल्या, दोन हातांना, दोन पायांना. पिशवी घालून हात बाहीत सारला की रेशीम रबरावरून सुळकन जाई, आणि हात बाहेर आला की पिशवी ओढून काढायची. देवमन इतका खूश झाला की त्याने तिचे हात धरले. आणि मग त्याचा चेहरा पडला, कारण दोघांच्याही मनात एकच आलं होतं. हा खण त्या चैत्रातही पेटीतच होता.

पावसाळा गेला, कापसाची वेचणी झाली. लोक हसत. "देवमन घरीच पोहून राहिला," म्हणत. आणि माघातल्या एका दुपारी देवमनने डाव्या बाहीत हात घातला आणि थबकला. सुंदराबाई गळा धरून होती. तिच्या हातातलं रबर एकदम सैल पडलं. खांदा गेला, कोपर गेलं, पंजा मनगटातून सहज बाहेर आला. रेशमी पिशवी घालायची राहिली होती, ती गोणपाटावर तशीच पडलेली होती.

"कसं झालं हे?" तिने विचारलं.

"आतून ओढलं कोनीतरी," देवमन म्हणाला. तो आपल्या बोटांकडे पाहत होता. "बारीक हात हाय, सुंदरा. दोनच बोटं धरता येतात तिले माह्ये."

आता अशा वेळी निंबखारचा माणूस भगताकडे गेला असता, लिंबू उतरवलं असतं, पाण्यातल्या आसरांना पातळ-चोळी वाहिली असती. या घरात ती सोय उरली नव्हती. भुताखेताला मानायचं नाही असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. भुताला मात्र ते कोणी कळवलं नव्हतं. "तुमाले भास होते," ती म्हणाली. "उनात बसू नका."

पण तो बसायला लागला. सूट आता लोण्यात सुरी जावी तसा चढत होता, तिची गरजच उरली नव्हती. ती ओसरीवर बसून पाहायची. देवमन बाहीत हात घाली, हसे, हळू आवाजात काहीतरी बोले, आणि रबर त्याच्या अंगावर आपोआप सरके. मग तो भर उन्हात तसाच बसून राही. अंग खंगत चाललं होतं, गालफडं बसली होती. आपला नवरा आपल्यासमोर बसून दुसरीकडे कुठेतरी चालला आहे, हे तिला दिसत होतं आणि काय करावं ते सुचत नव्हतं.

संध्याकाळी सूट काढला की त्यातून घाम ओतला जाई, ओंजळभर, दोन ओंजळी. एक दिवस जरा जास्तच पाणी निघालं. ते अंगणातल्या मातीत जिरलं आणि सुंदराबाईचा हात ओला झाला. तो हात तिने का ओठांना लावला, ते तिलाही सांगता आलं नसतं. घाम खारट असतो. त्यांच्या विहिरीचं पाणीही खारट. सगळ्या भातकुलीत बोटाला लागेल ते पाणी खारट. हे पाणी गोड होतं.

ते तिने देवमनला सांगितलं नाही. रात्रभर त्याचा हात घट्ट धरून ती पडून राहिली.

वैशाखात खुशालराव पाटील स्वतः बैलांची दमणी जुंपून भातकुलीला आले. वर्षभरात म्हातारे दिसायला लागले होते. अंगणाच्या तोंडाशीच उभे राहून त्यांनी सांगितलं, की विहिरीतून आवाज येतो. भर दुपारी. बायांनी पाणी भरणं सोडलं आहे, सगळं गाव खाऱ्या विहिरीवर जातं, चहा फाटतो, डाळ शिजत नाही. भगत आणला, कोंबडं दिलं, काही फरक नाही. भगत म्हणाला की विहिरीत घरची वस्तू अडकली आहे ती काढा. "थे घागर काढून दे बाबा," पाटील म्हणाले, "तुयाशिवाय कोनी उतराले तयार नाई."

"येतो न," देवमन लगेच म्हणाला. त्याचे डोळे लकाकले. तो सुंदराबाईकडे वळून हळूच म्हणाला, "आता वेळ लागत नाई आपल्याले. यावेळी टायमावर पोचतो."

"कोनाजवळ पोचता?" तिने विचारलं. तो संगजिऱ्याची पुडी शोधायला लागला.

तिला सगळं लख्ख कळलं. हा घागरीसाठी जात नव्हता. खाली जी पोर नाही तिला शोधायला जात होता, आणि जोवर सापडणार नाही तोवर वर येणार नव्हता. कमरेला दगड बांधलेल्या माणसाला खाली राहायला फार कष्ट पडत नाहीत. रडून-ओरडून तो ऐकणारा नव्हता. तिने पिशवीत दोर भरला, गोणपाट भरलं, आणि दोर कापायचा विळा नेहमीप्रमाणे तळाशी ठेवला.

निंबखारला सगळं गाव जमलं होतं, पण विहिरीपासून लांब. काठाजवळ एकटी मैनाबाई बसली होती. ती रोज तिथेच बसते, असं कोणीतरी सांगितलं. तिने देवमनकडे पाहिलं आणि मान फिरवली.

कडुलिंबाखाली गोणपाट अंथरलं. देवमन सुटात पाय घालून उभा राहिला आणि सूट आपसूक कमरेपर्यंत आला, छातीपर्यंत आला. गावकरी तोंडात बोट घालून पाहत होते. "कसा झटक्यात चढते आता!" पाटील म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात खरंच कौतुक होतं. देवमनने उजवा हात घातला. डावी बाही अजून रिकामी लोंबत होती.

सुंदराबाई समोरच होती. तिने ती रिकामी बाही पाहिली. वारा नव्हता, कडुलिंबाचं पान हलत नव्हतं. बाही मनगटापाशी फुगली, आणि रबर आतून पाच ठिकाणी वर आलं. पाच बारीक टेंगळं. ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली, जसं एखादं लेकरू आईचं बोट धरायला हात पुढे करतं. देवमन त्या बाहीकडे पाहून मायेने हसला आणि आपला हात वर उचलला.

सुंदराबाईने पिशवीतून विळा काढला आणि गळ्याच्या भोकात अडकवून खाली ओढला. रबर टर्रकन फाटलं, छातीवरून बेंबीपर्यंत. दुसऱ्या हिसक्याला डावी बाही खांद्यापासून सुटून गोणपाटावर पडली. त्यातून चुळकाभर पाणी सांडलं, आणि ती चपटी होऊन पडून राहिली.

"अवं पागल झाली काय!" पाटील ओरडले. "आता उतरन कसा तो?"

"म्या मेली असती न पाटील, तं दुसरी करता आली असती याले," ती म्हणाली, "पन हा गेला तं मी कोनाले सांगू? तुमाले? रबर दुसरं भेटन, नवरा आनून देसान काय मले एक?" आणि ती रडायला लागली. विळा तिच्या हातातच होता.

देवमन फाटलेल्या सुटात उभा होता. झोपेतून उठवल्यासारखा तो त्या बाहीकडे पाहत होता. "गेली," तो म्हणाला. "हात सोडला तिनं." आणि मग त्याने वर्षभर न केलेली गोष्ट केली. भर गावासमोर तोंडावर हात घेऊन तो ढसाढसा रडला.

तेवढ्यात विहिरीतून आवाज आला. थप. थप. थप. या वेळी कोणाला भास म्हणता आलं नाही, कारण पाटलांच्या हातातली काठी गळून पडली आणि लांब उभ्या असलेल्या बाया एकमेकींना बिलगल्या. मैनाबाई रहाटाचा खांब धरून उठली.

देवमनने सुटाच्या चिंध्या पायातून काढून फेकल्या. तो लंगोटावर काठाकडे चालू लागला. खुशालरावांनी हात आडवा केला. सवय माणसाच्या आधी बोलते. "अबे देवमन... पियाचं पानी हाये थे."

"त्या दिवशीबी पियाचंच होतं, पाटील," देवमन म्हणाला. त्याने तो हात बाजूला केला, दमला-भागला माणूस दाराचा पडदा बाजूला करतो तसा. गुडघे वाकले, हात पुढे गेले, आणि यावेळी तो तसाच खाली गेला.

पाणी फुटल्याचा आवाज आला आणि थप थप थांबली. सुंदराबाई काठावर पालथी पडून खाली पाहत होती. पाणी हललं, मग निवांत झालं. फार वेळ निवांत राहिलं. कमरेला दगड नाहीत, ती मनात म्हणत होती, दगड नाहीत, रबर नाही, येईल. मैनाबाई तिच्या शेजारी येऊन गुडघ्यावर बसली. दोघींच्या अंगांमध्ये एक वीतही अंतर नव्हतं आणि ते कोणीच पाहिलं नाही.

देवमन वर आला. एका हातात शेवाळलेली पितळी घागर, दुसऱ्या हातात काहीच नाही. घागर काखेला मारून, दोर धरून, बांधकामातल्या दगडांना लटकत तो चढला आणि काठावर येऊन बसला. अंगावरून पाणी निथळत होतं. घागर तोंडापर्यंत भरलेली होती. ती पाटलांच्या घरची, पण पाटील पुढे आले नाहीत. त्यांच्या मागचे लोकही पुढे आले नाहीत.

मैनाबाईने त्याच्या हातातून घागर घेतली. पदराने तिचा काठ पुसला, दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावली आणि सगळ्या गावासमोर घटाघटा पाणी प्यायली. खाली ठेवून तिने तोंड पुसलं आणि जरा वेळ जिभेवरची चव घेत उभी राहिली.

"गोडच हाय," ती म्हणाली. मग ती देवमनकडे वळली. आवाजात राग नव्हता, खरोखरच तिला ते समजून घ्यायचं होतं. "मंग त्या दिवशी काहून नाई रे उतरला, भाऊ?"

त्याने पाटलांकडे पाहिलं नाही, फाटक्या सुटाकडे पाहिलं नाही. "म्यां थांबाले नव्हतं पायजे, बाई," तो म्हणाला.

"नव्हतंच पायजे," मैनाबाई म्हणाली. तिने उरलेल्यातलं थोडं पाणी सुंदराबाईच्या ओंजळीत ओतलं, आणि घागर तिथेच ठेवून घरी गेली.

पुढे निंबखारचे काही लोक आठवडाभर खाऱ्या विहिरीवर गेले. मग फाटक्या चहाला कंटाळून एकेक घागर परत गोड विहिरीवर आली. आवाज पुन्हा कोणाला आला नाही.

त्या संध्याकाळी भातकुलीला सुंदराबाईने चूल पेटवली, परातीत पीठ घेतलं आणि बोटांनी दाबून भाकर पसरवायला लागली. देवमन चुलीशीच बसला होता. "थापून कर," तो म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग हात ओला करून ती थापायला लागली, थप, थप, थप. तो उठला नाही. डोळे मिटून, शेवटची भाकर तव्यावर पडेपर्यंत, तो ऐकत बसला.